राधेचे केस

गंगारामच्या पेटीत उंदरीण बाळंत झाली आणि आमच्या वाडीची राधा बोडकी झाली.

झालं असं, की शिमगा तोंडावर आला म्हणून पालखीबरोबर अंगणोअंगणी नाचणाऱ्या खेळ्यांचा म्होरक्या गंगाराम याने माळ्यावरून पत्र्याची पेटी खाली काढली. पेटीत सगळा खेळाचा संसार. संकासुराची काळी टोपी, घुंगरांचे पट्टे, कृष्णाचा मुकुट आणि राधेचं गंगावन, म्हणजे खोट्या केसांची ही लांबलचक वेणी. झाकण उघडलं तर गंगावनाचं गुबगुबीत घरटं झालेलं आणि त्यात गुलाबी पिल्लं डोळे मिटून निजलेली. गंगाराम दोन पावलं मागे सरला, आणि मग त्याने उंदरांच्या सात पिढ्यांचा असा काही उद्धार केला की शेजारच्या बाया कानांवर हात ठेवून घरात पळाल्या.

नवं गंगावन आणायचं कुठून? गुहागरच्या बाजारात ते मिळत नाही आणि चिपळूण गाठायला वेळ नाही. दुसऱ्याच दिवशी खेळ्यांच्या पायांत घुंगरू बांधायचे होते. आणि राधा म्हणजे काय कुणीही लुगडं गुंडाळून नाचावं असं थोडंच असतं! वाडीची राधा एकच, धोंडूबाईचा आनंदा. मिसरूड फुटायच्या आधीपासून तोच राधा व्हायचा. मुंबईत नोकरीला लागला तरी शिमग्याला यायचा, नऊवारी नेसायचा, अंबाड्यावर सुरंगीचा गजरा माळायचा आणि एकदा का पदर डोक्यावर आला की असा काही लचकायचा, असा बोलायचा, की खऱ्या बायांनी शिकून घ्यावं.

त्या संध्याकाळी आनंदा एस्टीतून उतरला तो मानेवर रुळणारे केस घेऊन. गिरण्यांचा संप फिसकटून तेव्हा दोनेक वर्षं झाली होती. गिरणी सुटल्यावर तो लालबागेत एका छापखान्यात लागला होता, आणि मुंबईत तेव्हा सगळी पोरं तसेच केस ठेवायची. कान झाकलेले, खांद्याला टेकायला बोटभर कमी. गंगारामने त्याच्याभोवती एक फेरी मारली, बैल विकत घेताना मारतात तशी.

"धड बाप्याचे नाय, धड बाईचे नाय," तो म्हणाला. "ह्यांचा अंबाडा बांधायचा कसा रे?"

"मी बघते," पडवीतून आवाज आला.

म्हटलं आणि राहीने जीभ चावली. राही म्हणजे आनंदाची बायको. चारचौघांत, तेही गंगारामसारख्या माणसापुढे, तिने तोंड उघडायची ही पहिलीच वेळ. पण तोंड उघडलं ते काही शिमग्याच्या काळजीने नव्हे, हे आपण आधीच सांगून टाकलेलं बरं. राधा बोडकी नाचली काय नि टोपी घालून नाचली काय, राहीला त्याचं सोयरसुतक नव्हतं. तिला तिचा नवरा हवा होता. घटकाभर का होईना, समोर बसलेला.

कारण खेळ्यांचा नेम मोठा कडक. एकदा पायांत घुंगरू बांधले की पालखी परत देवळात जाईपर्यंत खेळ्याने घरात पाऊल टाकायचं नाही, पायांत वहाण घालायची नाही, सहाणेवर, म्हणजे पालखी ठेवायच्या चौथऱ्यावर, देवाजवळ झोपायचं आणि बायकोचा वाराही लागू द्यायचा नाही. आनंदा वर्षातून एकदा येणार, येणार तो शिमग्याला, आणि शिमगाभर देवाचा. पालखी देवळात गेली की दुसऱ्या दिवशी त्याची एस्टी. उरलेल्या वर्षात राहीच्या वाट्याला काय, तर पुढच्या शिमग्याची वाट.

बरं, जी काही संध्याकाळ मिळे तिच्यात तो बोलेल, तर तेही नाही. पदर डोक्यावर घेतल्यावर चुरूचुरू बोलणारा हा माणूस स्वतःच्या पडवीत बसला की तोंडात मिठाची गुळणी. राहीने दोनदा विचारलं होतं, "मला पण न्याल काय मुंबईस?" एकदा तो खांबाकडे बघत राहिला होता आणि एकदा उठून गोठ्यात गेला होता. होय नाही की नाय नाही. नाय म्हणाला असता तर निदान रडून मोकळी झाली असती बिचारी. राहीला त्या राधेचा मनातून राग यायचा. सगळी बोलणी तिनेच पळवली होती ना!

दुसऱ्या दिवशी घुंगरू बांधून झाले, आणि गंगारामने नेमाचं तुणतुणं लावलं. बायकोने केसांना हात लावायचा नाही म्हणजे नाही. तेव्हा धोंडूबाई, आनंदाची आई, काठी टेकत सहाणेवर आली.

"गंगाराम, तुझं डोकं हाय की करवंटी? घुंगरू बांधलेस ना? मग आता आनंदा कुठं ऱ्हायला? ही राधा हाय. राधेचे केस बाईने नाय विंचरायचे, तर काय तू विंचरणार?"

माणसं हसली. गंगाराम घुटमळला.

"पर काकी, घरात..."

"घरात नाय. परसात. दोन बाया परसात बसून केस विंचरतात त्याला कसला विटाळ? मात्र बसलीस तर राधा म्हणून बसायचं हां," ती लेकाकडे वळून म्हणाली. "बाप्याचा शब्द काढलास तर माझी काठी हाय."

आनंदाने मान खाली घालून "व्हय गो" म्हटलं, राधेच्या बारीक आवाजात. झालं. गंगारामला ना होय म्हणता येईना ना नाही.

पहिल्या दिवशी राहीने जी चूक केली ती मुंबईची बाई कधी करणार नाही. अंबाडा बसणार नाही तर केस मोकळेच सोडायचे, आणि ते कुरळे राहावेत म्हणून तिने लुगड्याला घालतात ती तांदळाची खळ केसांना चोपडली. वाळल्यावर लाटा पडल्या, पण कशा? पापडासारख्या कडक. त्यात राधाबाई काजूच्या सावलीत आडव्या झाल्या आणि त्यांचा डोळा लागला. घटकेभराने ज्या किंचाळत उठल्या त्या घुंगरू वाजवत थेट विहिरीवर. तांदळाच्या वासाला वाडीतल्या झाडून सगळ्या मुंग्या आल्या होत्या. घागरीवर घागरी ओतता ओतता राही इतकी हसली, इतकी हसली, की तिला काठावर बसावं लागलं. कितीतरी दिवसांत ती अशी हसली नव्हती. ओल्या केसांतून तोही तिच्याकडे बघून हसला, पण नेम म्हणून बोलला नाही.

मग ती शहाणी झाली. ओल्या वेणीत झोपलं की सकाळी केसांना लाट येते, हे कुठल्या बाईला माहीत नाही? खळ कशाला हवी!

दुसऱ्या दिवशी दुपारचं जेवण उरकून वाडी पेंगत होती. परसात आंब्याच्या मोहोराचा वास दाटला होता. कुठेतरी एक कवडा घुमत होता, थांबत होता, पुन्हा घुमत होता. राहीने जास्वंदीचा पाला पाण्यात चुरून ठेवला होता; त्याचा तो बुळबुळीत, थंडगार रस तिने राधेच्या केसांना चोळला आणि कोमट पाण्याने केस धुतले. धुतल्यावर ते खसाखसा पुसले नाहीत. जुन्या लुगड्याच्या मऊ फडक्यात धरून नुसते दाबले. मग तिने राधेला पाटावर बसवलं, आपण मागे जोत्यावर बसली आणि बोटाएवढी एकेक बट घेऊन चिंधीभोवती पिळायला लागली. पिळायची, वर गुंडाळायची, गाठ मारायची. फार आवळायची नाही, नाहीतर खुणा पडतात.

तिची बोटं संथ चालली होती. चालवायची तर भरभर चालवता आली असती, पण तिला काय घाई? मानेवर एक तीळ होता. हा तीळ ती विसरली होती. नवऱ्याच्या मानेवरचा तीळ बायको विसरते म्हणजे काय म्हणायचं! उन्हाने सगळं पांढुरकं झालं होतं, समोरची केळ, दोरीवरचं लुगडं, कोंबड्या, सगळं पाण्याखाली असल्यासारखं हलत होतं, आणि मधोमध ते ओलं काळं डोकं तिच्या गुडघ्याला टेकून स्थिर होतं. हे खरं आहे की आपल्याला डुलकी लागली आहे, तिला कळेना.

"काय गो राधे," ती म्हणाली. 'अहो'ची सवय असलेल्या तोंडाला हे 'गो' किती हलकं वाटलं म्हणून सांगू! "तुझा घो कुठं असतो?"

राधेने पाय जवळ घेतले तसे घुंगरू किणकिणले.

"मथुरेला," राधा बारीक आवाजात म्हणाली. "आन तुझा?"

"मुंबयला."

"चांगला हाय काय?"

"चांगला हाय. मारत नाय, दारू पित नाय. पैसे पाठवतो. पर त्याला तोंड नाय बाय." राहीने एक गाठ मारली. "गेल्या शिमग्याला जायच्या दिवशी मी काय केलं, सांगू? त्याच्या चपला लपवल्या. चुलीमागं, लाकडांच्या खाली. म्हटलं, शोधत बसेल. एस्टी चुकेल. एक दिवस तरी ऱ्हायल."

राधेचे खांदे जरासे ताठ झाले.

"मग?"

"मग काय? कुत्र्याने नेल्या असतील म्हणाला आन गेला अनवाणी. घाटी उतरताना मी बघत होते. तापलेल्या कातळावर पाय उचलून उचलून टाकीत होता." राहीने पुढची बट घेतली. "त्या चपला अजून हायत माझ्याकडं. मी रोज पुसते. येडी हाय ना मी?"

राधेने डोकं आणखी थोडं मागे टेकवलं.

"तू त्याला सांग," राही म्हणाली. "तुला तोंड हाय. माझं तो ऐकतो पर उत्तर देत नाय. तू बाई हायस, बाईचं तुला कळतं. सांग त्याला, हिला ने. उपाशी ठेवलंस तरी चालंल, पर ने."

"सांगीन," राधा म्हणाली. आवाज बारीकच होता.

चिंध्या सावलीत वाळू दिल्या, उन्हात नाही. दुसऱ्या दिवशी दुपार टळल्यावर राहीने त्या एकेक सोडल्या. फणी लावली नाही. बोटांनीच बटा सुट्या केल्या. टाचांना लावायचं मुठेल, म्हणजे कोकमाच्या बियांचं ते पांढरं, घट्ट तेल, तळहातावर चोळून विरघळवलं आणि ओंजळीत केस धरून खालून वर दाबले. काय सांगू! मानेभोवती सावळ्या, मऊ लाटा आल्या. कानावरच्या दोन बटा मागे घेऊन तिने सुरंगीचा गजरा आडवा खोचला आणि आरसा पुढे धरला. राधा आरशात बघत राहिली. मग आरशातूनच तिने मागे उभ्या राहीकडे बघितलं, आणि राहीने आरसा खाली केला.

"मोकळे केस?" गंगाराम कडाडला. "ही काय राधा म्हणायची? हडळ दिसंल!"

पण तोवर ढोल वाजायला लागले होते.

दिवस कलता कलता पालखी धोंडूबाईच्या अंगणात आली. वाडीभरच्या बाया ओट्या घेऊन जमल्या. राहीने देवीची ओटी भरली आणि खांबाशी जाऊन उभी राहिली. मृदंगावर थाप पडली. संकासूर पोरांमागे धावून दमला, आणि मग राधा आली.

एवढी वर्षं बघितलेली राधा लग्नातल्या नवरीसारखी चापूनचोपून बांधलेली असायची. ही नुकतीच झोपेतून उठून, कुणाची चाहूल लागली म्हणून दाराशी आलेली बाई वाटत होती. नाचता नाचता अंग तापलं तसं मुठेल विरघळलं. ही राहीची दुसरी चूक. बटा सुटल्या, गालांवर आल्या, कपाळावर आल्या. पण राधेने त्या मागे सारल्या नाहीत.

कृष्ण झाला होता शेजारचा रामा. तो मथुरेला निघतो, राधा आडवी येते, रुसते, पेंद्या काहीतरी चावट बोलतो आणि हशा पिकतो, असं ठरलेलं. रामा म्हणाला, "राधे, वाट सोड. मला उशीर झाला."

राधेने वाट सोडली. ती बाजूला झाली आणि म्हणाली, "जा. मी तुझ्या वहाणा लपवून ठेवल्या, तरी तू जाशील. तापल्या कातळावरनं अनवाणी जाशील, पर माझ्याशी बोलायचा नायस."

रामा गोंधळला. हे बोलणं त्याला पाठ नव्हतं.

"तुझ्या वहाणा मी रोज पुसते," राधा म्हणाली. "त्यांना पाय नायत रे."

एक बाई हुंदकली, मग दुसरी. त्या वाडीत अशी कुठली बाई होती की जिचा माणूस मुंबईला नव्हता? पेंद्या विनोद विसरला. गंगारामने मृदंग कधी थांबवला त्याचं त्यालाच कळलं नाही. मग म्हाताऱ्यांनी "वा रे राधे!" म्हणून आरोळी ठोकली आणि वाडीभर एकच कौतुक सुरू झालं. केसांचं तर विचारूच नका. विरहात राधेचे केस असेच सुटणार, हे आपण आधीच ओळखलं होतं असं गंगाराम चारचौघांना सांगत सुटला.

राही तिथे नव्हती. ती मागल्या दाराशी रागाने ओटीतले तांदूळ मुठीत आवळून बसली होती. त्याला सांग म्हटलं होतं, एकट्या त्याला. गावाला सांग कुणी म्हटलं होतं? तिचं दुःख त्याने घुंगरू बांधून नाचवलं. आणि स्वतः? स्वतः पुन्हा मिठाची गुळणी धरणार. तिने चुलीमागच्या चपला काढल्या, पडवीच्या पायरीवर ठेवल्या, तोंडं बाहेर करून. जायचं ना? जा म्हणावं.

पालखी देवळात गेली. घुंगरू सुटले. सकाळी आनंदा घरी आला तो सदरा-लेंग्यातला, हनुवटीवर खुंट वाढलेला बाप्या. पायरीवर चपला बघून तो थबकला. मग त्या न घालताच वळसा घेऊन परसात आला. राही तिथे पाला झाडत होती. तो पाटावर जाऊन बसला, तिच्याकडे पाठ करून.

"राधा गेली देवळात," राही म्हणाली. "आता कोण बसलंय हितं?"

तो गप्प.

"केस कापायचेत काय? मालक बोलंल मुंबयचा. कातर आणू?"

तिने आत जाऊन कातर आणली. धोंडूबाई चुलीपुढे पाठमोरी बसली होती. तिने मान वळवली नाही, पण फुंकणी फुंकायची थांबवली. राही बाहेर येऊन जोत्यावर बसली. केसांना अजून मुठेलाचा नि सुरंगीचा वास होता. तिने एक बट धरली. हात हलेना, म्हणून तिचं तोंड चाललं.

"राधेला म्हटलं होतं, त्याला सांग. तिने गावाला सांगितलं."

"मला पण सांगितलं तिने," तो म्हणाला.

आवाज बारीक नव्हता. घोगरा, जड आणि कसाबसा बाहेर येणारा होता, गंजलेली कडी काढावी तसा.

"खोली नाय मिळत," आनंदा म्हणाला. त्याने पाटाची कड नखाने खरवडली. "मी ऱ्हातो त्या गावकऱ्यांच्या खोलीत बाईला जागा नाय. छापखान्याच्या वर... माळा हाय. पत्र्याचा. लय तापतो. पाणी खालनं आणायचं. मालकाला इचारलंय. ऱ्हा म्हणाला."

"कधी इचारलंत?"

"दिवाळीच्या टायमाला."

"आन मला आज सांगताय?"

"एस्टीत बसल्यापासून सांगतोय," तो काकुळतीला येऊन म्हणाला. "मनात. राधा असती तर चट् बोलली असती. मला नाय गो जमत." त्याची मान लाल झाली होती, तो तीळही दिसेनासा झाला होता. "खाली मशीन चालते. रातभर भिंती हलतात. तुला झोप नाय यायची तिथं."

"मला हितं तरी कुठं येते?" राही म्हणाली.

आतून धोंडूबाईचा आवाज आला. "माझं निमित्त करू नका रे. माझी लेक काशी हाय चार घरं सोडून. तिच्याकडं जेवीन मी. सासू हाय, आंधळी नाय." आणि फुंकणी पुन्हा सुरू झाली.

आनंदा वळला. राधेच्या केसांतला, खुंट वाढलेला तिचा नवरा. ओठ हलले, थांबले, पुन्हा हलले.

"चल," तो म्हणाला. एवढंच.

"पुढं बघा," राही म्हणाली. "मान खाली करा." तिला त्याने आपलं तोंड बघायला नको होतं. ती त्या केसांतून नुसती बोटं फिरवत राहिली, खालून वर, मऊ मऊ, आणि टपटप काय पडतंय ते त्याला कळत होतं, तरी तो हलला नाही.

केस तिने कापले नाहीत. मुंबईला गेल्यावर बघू, म्हणाली, आणि उठून कातर आपल्या ट्रंकेत टाकली.